हेम्याच्या नावाची बोंब

फाल्गुन लागला की घरात माझ्यावर एकच जबाबदारी पडते, ती म्हणजे कावळे हाकलायची. आई सकाळी सातलाच गच्चीवर जुनी साडी अंथरून पोह्याचे पापड, साबुदाण्याच्या चिकवड्या आणि कुरडया घालते, आणि रविवार असला की मला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवून खाली निघून जाते. हातात काठी, डोक्यावर ओला टॉवेल. बेचाळीस वर्षांचा माणूस, विमा कंपनीत डेप्युटी मॅनेजर, भाईंदरच्या गोडदेवातल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर कावळ्यांना शुक् शुक् करत बसलेला. शेजारच्या बिल्डिंगवरून कोणी बघितलं तर मी उगाच टाकीचं झाकण तपासतो.

खरं तर हा ऋतू मला आवडायला हवा. ऊन तापलेलं असतं, पण अजून अंगावर धावून येत नाही. दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि ओठ खारट लागतात. स्टेशनबाहेर ताडगोळे येतात. परीक्षांमुळे बिल्डिंगमधली पोरं गायब होतात आणि त्यांच्या आया जिन्यात एकमेकींना टाइमटेबल विचारत उभ्या राहतात. मग सोसायटीच्या ग्रुपवर होळीचा वाद सुरू होतो. सेक्रेटरी लिहितात, होळी साडेसातला पेटेल, पाणी जपून वापरा. चौथ्या मजल्यावरचे शहा लिहितात, डीजे नऊ बजे बंद होना चाहिए. कोणीतरी मध्येच पुरणपोळीचा फोटो टाकतं. ‘होळी’ हा शब्द स्क्रीनवर उमटला की माझ्या पोटात कालवायला लागतं. बायकोला वाटतं ॲसिडिटी. चौदा वर्षं मी दर फाल्गुनात ॲसिडिटीची गोळी घेतोय.

यंदा त्यात एका पिक्चरची भर पडली. मागच्या रविवारी रुपाली म्हणाली, “चल, कॉमेडी लागलाय मीरा रोडला. डोकं घरी ठेवून बघू.” रुपाली म्हणजे माझी बायको. तिला विनोदी सिनेमाच लागतो. रडायला लावणारं सगळं घरबसल्या मिळतं, त्यासाठी तिकीट कशाला काढायचं, असं तिचं म्हणणं. सिनेमा कशाबद्दल आहे हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. एसीत तीन तास बसायला मिळेल एवढ्या हिशेबाने मी गेलो.

दोन मित्र असतात. लग्नाचे मांडव सजवायचा दोघांचा धंदा. एक शिडीवर चढून झेंडूच्या माळा बांधतोय, दुसरा खाली शिडी धरून उभा. वरचा माळ बांधता बांधता सांगतो की बाबा रे, मला मुली आवडत नाहीत, मला एक मुलगा आवडतो. खालचा शिडी सोडतो. शिडी, माळा, मित्र, सगळं नवरदेवाच्या काकूवर येऊन पडतं. अख्खं थिएटर हसलं. मीही हसलो. हसलो म्हणजे चांगला मोठ्याने, पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघावं इतका. हसू आधी आलं आणि लाज मागून आली, आणि ती आली तेव्हा माझ्या तोंडात पॉपकॉर्न होतं. ते गिळायला मला बराच वेळ लागला.

पुढे तो शिडी सोडणारा नायक काय काय करतो. काळे टी-शर्ट घालायला लागतो. आवाज जाड काढून बोलायला लागतो. ज्या गल्लीतून मित्र येतो ती गल्ली सोडून लांबच्या रस्त्याने जातो आणि प्रत्येक वेळी गटारात पडतो. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. शेवटी मित्राच्या बहिणीच्या हळदीला तो स्टेजवर चढतो, माइक हिसकावून घेतो आणि तीनशे माणसांसमोर माफी मागतो. मित्र ढसाढसा रडतो, मिठी मारतो, ढोल सुरू. रुपालीने ओढणीने डोळे पुसले, तिकीट काढूनसुद्धा. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. सिनेमातल्या माणसाला आपण काय करतोय हे कळत नव्हतं आणि शेवटी कळलं. मला पहिल्यापासून कळत होतं.

हेमंत पाटील. आम्ही त्याला हेम्या म्हणायचो. मोरव्याचा. आम्ही मुंबईतली चाळ सोडून इथे फ्लॅटमध्ये आलेली माणसं. आमचं गाव म्हणजे गणपतीत जायची जागा. हेम्याचं गाव त्याच्या दारात होतं. भाईंदर पश्चिमेला उतरायचं, बाजार ओलांडायचा, आणि इमारती मागे पडल्या की एकदम अंगण, तुळस, पडवीत बसलेली म्हातारी माणसं. त्याचे बाबा पावसाळ्यात भात लावायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर मुकादमी करायचे. घरात सगळे गावचं बोलायचे, हेम्या माझ्याशी आमच्यासारखं बोलायचा आणि वळून आईशी तिच्यासारखं, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मला त्या गोष्टीचा फार हेवा वाटायचा.

कॉलेजच्या गॅदरिंगला आमची जोडी होती. मी लिहायचो, तो करायचा. प्राचार्य, कँटीनवाला, रिझल्ट बघायला आलेला बाप, कोणीही. लोक लोळायचे आणि हेम्याचा चेहरा मात्र पोस्टातल्या माणसासारखा कोरा. भाईंदरमधल्या जुन्या थिएटरात आम्ही विनोदी सिनेमे दोन दोनदा बघितले, पुढच्या खुर्चीवर पाय टाकून. त्याचा एक नियम होता. पडद्यावर कोणाची फजिती झाली तर पोटभर हसायचं, पण कोणी रडत असेल तर हसायचं नाही, मग ते कितीही वाईट ॲक्टिंग करून रडू देत. मी एकदा हसलो होतो, तर त्याने मला कोपराने ढोसलं होतं. एवढ्या मऊ माणसाशी मी पुढे जे केलं ते केलं.

कॉलेज संपलं, नोकऱ्या लागल्या, जोडी टिकली. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचं, हा कार्यक्रम ठरलेला. पाणी आटत आलेलं असायचं आणि खाचरांत मीठ धरायला लागलेलं असायचं. बायामाणसं ते ओढून बांधाकडेला ढीग लावायची. त्या पांढऱ्या ढिगांवरून येणारं ऊन डोळ्यांना सोसायचं नाही, म्हणून आम्ही पाठ करून बसायचो. असंच एकदा, माघ संपत आला होता, ताडगोळे सोलता सोलता हेम्या म्हणाला, “अव्या, एक सांगायचंय.”

“सांग.”

“मला मुली आवडत नाहीत. म्हणजे, तशा. लग्नाच्या. मला मुलगे आवडतात.”

मी थांबलो. आमच्या जोडीची पद्धतच तशी होती. तो काहीतरी गंभीर टाकायचा, मी थांबायचो, आणि मग तो शेवटची ओळ सोडायचा. मी वाट बघून म्हटलं, “पुढे?”

“पुढे काही नाही. एवढंच आहे.”

त्याच्या हातातला ताडगोळा सोलून झाला होता आणि तरी तो सोलतच होता. मी म्हणालो, “ठीक आहे ना यार. त्यात काय.” वाक्य चांगलं होतं. आजही त्यात मला खोट काढता येत नाही. त्याने केवढा तरी श्वास सोडला आणि म्हणाला, “कोणाला बोलू नको. बाबांना तर अजिबात नाही.” मी म्हटलं, “वेडा आहेस का.” पण हे सगळं तोंडाने बोलत असताना माझ्या मनात हेम्या नव्हता. मनात मी होतो. मी मागची आठ वर्षं झराझर आठवून पाहत होतो. एका बाइकवर किती फिरलो, मोरव्याच्या पडवीत एका गोधडीत किती वेळा झोपलो, कोणी कोणी पाहिलं, कोण काय समजलं असेल. महिन्याभराने माझा साखरपुडा होता. मित्राने आपलं काळीज काढून हातावर ठेवलं आणि मी स्वतःचे कपडे झटकून पाहत बसलो.

मग फाल्गुनी पौर्णिमा आली. मोरव्याच्या होळीला मला दरवर्षीचं बोलावणं असायचं, त्या वर्षी हेम्याने आमच्या सोसायटीतल्या केतनलाही बोलावलं. केतन गुजराती, तोंडाने सुटलेला, मनाने वाईट नाही. गावाची होळी आमच्या सोसायटीसारखी चार लाकडांची नसते. मोठं झाड आणून उभं करतात, त्याला हार, पताका, साडीचोळी. बायका नऊवारी नेसून, गजरे माळून फेर धरतात, गाणी म्हणतात. पेटवली की ज्वाळा दोन माणसं उंच जातात आणि समोर उभं राहिलं तर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते. आणि मग बोंबा. पालथा हात तोंडावर मारत बोंबलायचं आणि कोणाच्याही नावाने काहीही ओरडायचं. सासऱ्याने जावयाच्या नावाने, भावाने भावाच्या नावाने, वर्षभराचं सगळं साठलेलं. त्या दिवशीचं कोणी मनात धरत नाही. होळीसमोर बोललेलं होळीत जळालं, असं तिथे मानतात. हेम्याचे बाबा त्याच्या चुलत्याच्या नावाने जे ओरडले ते मला इथे लिहिता येणार नाही, आणि चुलते पोट धरून हसत होते.

हेम्या होळीत टाकायचा नारळ आणायला घराकडे गेला होता. केतन माझ्याजवळ सरकला आणि हसत म्हणाला, “ए, तुम दोनों का क्या सीन है रे? जिधर देखो साथ में. शादी के बाद भाभी को कहाँ सुलाओगे, बीच में?” आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मीही हसलो. पण माझे कान तापले, आणि ते होळीमुळे नव्हते.

मी ऑफिसात लोकांचे अपघाताचे अर्ज वाचतो. प्रत्येक अर्जात एक शब्द असतो, अचानक. अचानक ब्रेक लागला नाही, अचानक म्हैस आडवी आली, अचानक पाय घसरला. पंधरा वर्षांत मला एकही माणूस भेटलेला नाही ज्याने लिहिलंय की मला दिसत होतं आणि तरी मी केलं. म्हणून मी लिहितो. हेम्या नारळ घेऊन परत आला, होळीसमोर उभा राहिला, मी त्याला बघितलं, केतन माझ्याकडे बघतोय हे बघितलं, आणि एक पूर्ण क्षण विचार केला. लिहिणारा मीच होतो ना, ओळ लगेच सुचली. मी पुढे झालो, पालथा हात तोंडावर मारला आणि ओरडलो, “हेम्याला नवरी नको, नवरा पाहिजे.”

हशा पिकला. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या कुठल्याच ओळीला एवढा हशा मिळाला नाही. पाच-पन्नास माणसांनी ती उचलून धरली. बायकांनी तोंडाला पदर लावले. हेम्याचे बाबा हसत हसत म्हणाले, “मंग नवरा बगू, त्यात काय,” आणि पुन्हा हशा. हेम्याने एकदा माझ्याकडे बघितलं. चेहरा पोस्टातल्या माणसाचा. मग त्याने नारळ काखेत धरला, पालथा हात तोंडावर मारला आणि स्वतःच्याच नावाने, माझ्याच शब्दांत, माझ्याहून मोठी बोंब ठोकली. केतनने मला टाळी दिली. मी सुटलो होतो. हा त्यातला आहे असं जो चारचौघांत मित्राच्या नावाने ओरडतो, तो स्वतः कसा त्यातला असेल, असा माझा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. त्यानंतर केतनने मला तसलं काही कधी विचारलं नाही.

मग पंगत बसली. हेम्याच्या आईने माझ्या ताटात पोळीवर पोळी वाढली. “खा रं, लाजतंस कशाला? घरात काय कमी न्हाय.” मी तीन खाल्ल्या, वर तुपाची वाटी संपवली. आम्ही तिथेच पडवीत झोपलो, सकाळी अंगणात नेहमीसारखी धुळवड खेळलो, आणि दुपारी मी घरी आलो. हेम्या काही म्हणाला नाही. तेव्हा मी धरून चाललो की त्याने मनाला लावून घेतलं नाही. शिमगाच तो.

शिमगा गेला, कवित्व राहिलं, असं आपण म्हणतो. माझं कवित्व चौदा वर्षं चाललंय. तसं वरून काही मोडलं नाही. हेम्या माझ्या लग्नाला आला, वरातीत नाचला, रुपालीच्या भावांना नकला करून दाखवल्या. पावसाळ्यात त्याने पुण्याला नोकरी घेतली. फोन आठवड्याचे महिन्यावर गेले, महिन्याचे सणावर. काही वर्षांनी फेसबुकवर फोटो दिसला, तो आणि समीर नावाचा एक चष्मेवाला माणूस, नव्या घराच्या दाराला तोरण बांधताना. मी फोटोला लाईक केलं, मग काढलं, मग परत केलं. आणि दरवर्षी न चुकता मी त्याला होळीच्या शुभेच्छांचं चित्र पाठवतो. वर्षात तीनशे पासष्ट दिवस असताना मला हाच दिवस सापडतो. उलट त्याच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र येतं, मग मी मोबाईल पालथा ठेवतो.

त्या चित्राच्या आधी मी दरवर्षी एक मेसेज लिहितो. ‘हेम्या, त्या होळीला मी’ इथवर येतो. पुढे कधी ‘चुकून’ लिहितो आणि खोडतो, कधी ‘मस्करीत’ लिहितो आणि खोडतो. ज्याच्यासाठी मी अख्ख्या गॅदरिंगची स्क्रिप्ट एका रात्रीत खरडायचो, त्याच्यासाठी दोन खऱ्या ओळी होत नाहीत. शेवटी ग्रुपवर आलेलं कोणाचंतरी चित्र उचलून ढकलून देतो.

तर पिक्चर सुटल्यावर आम्ही रिक्षात बसलो. रुपाली अजून शिडीच्या सीनवर हसत होती. मी बाहेर बघत म्हटलं, “हेम्या तसाच आहे.”

“कसा?”

“त्या पिक्चरमधल्या मित्रासारखा.”

“मला माहितीये,” रुपाली म्हणाली. “फेसबुकवर मी पण आहे. समीर छान आहे दिसायला.” मग माझ्याकडे वळली. “आत्ता काय झालं पण?”

मी सांगितलं. भाईंदरच्या सिग्नलपर्यंत सगळं सांगून झालं, कारण सांगायला गेलं तर ते फार नव्हतंच. रुपालीचं हसू तिथेच थांबलं. रुपाली हसायची थांबली की मला भीती वाटते.

“म्हणजे तू मला इतकी वर्षं सांगत होतास की हेमंत बिझी असतो.”

“हो.”

“आणि हे तू कोणाला दाखवायला केलंस? माझ्या माहेरच्यांना?”

“नाही. केतनला.”

“केतनला,” ती म्हणाली. “ज्याला आपण मुलीच्या बारशालासुद्धा बोलावलं नाही, त्या केतनला.” रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी किती कळत होतं देव जाणे, पण तेवढं कळलं असावं. बिल्डिंगखाली उतरल्यावर रुपाली एवढंच म्हणाली, “फोन कर त्याला. शुभेच्छा नको पाठवूस.”

तो आठवडा मी ऑफिसला गेलो, आलो, जेवलो. सिनेमातल्या नायकाचा मला राग यायला लागला. त्याला माइक मिळाला, ढोल मिळाले, तीनशे माणसं मिळाली. मग वाटलं, खरं तर मलाही तसंच करायला हवं. मी पन्नास माणसांसमोर बोललो होतो, तेव्हा माफी एकट्यात मागणं म्हणजे स्वस्तात सुटणं. मनातल्या मनात मी मोरव्याच्या अंगणात उभा राहून भाषण केलं. हेम्याचे बाबा मात्र तीन वर्षांपूर्वी गेले. मी अंत्यविधीला गेलो होतो, हेम्याच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून पुढे झालो आणि गर्दीत मागेच राहिलो. समीर त्याच्याशेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

आज रविवार. आईने पापड घातले, काठी दिली, खाली गेली. तासभर मी कावळे हाकलले. मग टाकीला टेकून बसलो आणि नंबर लावला. मेसेज नव्हे, फोन. तिसऱ्या रिंगला त्याने उचलला.

“बोल अव्या.”

चौदा वर्षांत आवाज थोडा जाड झालाय. मागे फोडणीचा आवाज येत होता. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, “पिक्चर बघितला एक. दोन मित्रांचा.”

“तो शिडीवाला? आम्ही पण बघितला. समीरला झोप लागली. मला ती काकू आवडली.” मग जरा थांबून, “पुढे?”

मी सांगितलं. होळीचं सांगितलं, केतन काय बोलला ते, मी विचार करून ओरडलो ते, साखरपुडा, सगळं. ‘मस्करीत’ म्हणालो नाही, ‘चुकून’ म्हणालो नाही. बोलता बोलता मी रडलो, तसं म्हणायला हरकत नाही. हेम्या हसला नाही. फोडणीचा आवाज बंद झाला, म्हणजे त्याने गॅस बंद केला असावा.

“ती बोंब?” तो म्हणाला. “अरे, त्या होळीला माझा बाप काय काय ओरडला होता, आठवतंय ना? ती मी तिथेच सोडली, अव्या. राग आला, नाही असं नाही. दोन-तीन दिवस होता. पण खरं सांगू? मला नंतर जरा बरंपण वाटलं. ते वाक्य पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने बोललं, सगळ्या गावासमोर, आणि काही झालं नाही. बाबा हसले. म्हणाले, नवरा बगू. ते गेले तेव्हा मला तेच आठवत होतं. मी त्यांना कधी सांगू शकलो नाही, पण त्यांच्या तोंडून निदान तेवढं ऐकलेलं होतं.”

चौदा वर्षं जे ओझं मी वाहत होतो ते त्याने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं होतं. खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. मी म्हणालो, “मग तू पुण्याला का गेलास? फोन का कमी केलेस?”

त्याने उलट मलाच विचारलं.

“दुसऱ्या दिवशीचं तुला आठवत नाही?”

“धुळवड? खेळलो ना आपण. नेहमीसारखी.”

“तू खेळलास. केतनला रंगवलंस. माझ्या काकांना, बाबांना. आईच्या पायाला रंग लावून नमस्कार केलास. सगळ्यांच्या गालाला स्वतःच्या हाताने. मग माझ्यासमोर आलास. हात वर केलास आणि खाली घेतलास. रंगाची पुडी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, घे, तूच लाव.”

गच्चीवर ऊन सरकून माझ्या पायांवर आलं होतं.

“मी लावला,” हेम्या म्हणाला. “एवढ्या लोकांसमोर काय करणार. आधीची आठ वर्षं तू माझ्या केसांत, कानांत, शर्टाच्या आत रंग कोंबायचास. त्या दिवशी तुला माझा गाल धरवेना. बांधावर तू ‘त्यात काय’ म्हणालास ना, ते तोपर्यंत मला खरं वाटत होतं.”

“मला हे आठवत नाही, हेम्या.”

“तुला कसं आठवेल,” तो म्हणाला. कडवटपणे नाही. वस्तुस्थिती सांगावी तसं.

मी आठवायचा प्रयत्न केला, फोन कानाला लावूनच. ती सकाळ मला चांगली आठवते, असा माझा समज होता. केतनचा चष्मा हिरवा झाला होता. हेम्याच्या बाबांची दाढी वाढलेली होती आणि रंग लावताना ती हाताला टोचली होती. त्याच्या आईच्या पायांतली जोडवी, काकांचं टक्कल, शेजारच्या घरातला कोणी जावई. एकेकाच्या चेहऱ्यावर माझा हात मला अजून जाणवत होता. हेम्याचा चेहरा मी शोधला. तो दिसला, लाल, पूर्ण रंगलेला, पण माझ्या तळहाताला त्याची काहीच आठवण नव्हती. होळीतली बोंब मी जपून ठेवली होती, कारण त्यात मी निदान खलनायक तरी होतो. हे एवढंसं होतं, आणि हे मी टाकून दिलं होतं.

मी सॉरी म्हणालो. तो “हं” म्हणाला. खालून आईने हाक मारली, पापड उलटवलेस का म्हणून. ती त्यालाही ऐकू गेली. “काकू तशाच आहेत,” तो म्हणाला. मग इकडचं तिकडचं थोडं बोललो. त्याच्या आईचे गुडघे, माझ्या मुलीची परीक्षा. फोन ठेवायच्या बेताने मी विचारलं, “यंदा येतोयस का होळीला?”

“येतोय. दोघं येतोय. आईनेच बोलावलंय.”

“त्यांना सांगितलंस?”

“मी कुठे सांगितलं. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, होलीला ये, आनि त्यालाबी आन, दरवेलेला एकटाच काय येतंस.” हेम्या थोडा हसला. “मी अर्धा तास बाल्कनीत उभा होतो.”

मला त्या अर्ध्या तासाबद्दल विचारायचं होतं, पण तो हक्क माझ्याकडे राहिलेला नव्हता. मी म्हणालो, “मी येऊ मोरव्याला?”

मला समीरचा आवाज आला, कांदा करपतोय का असं काहीतरी विचारत होता, आणि हेम्या त्याला गॅस बंद आहे म्हणाला. मग तो पुन्हा फोनवर आला.

“होळीला ये,” तो म्हणाला. “धुळवडीचं बघू.”